तीनशे घरांची म्हैस

आमचे हेडमास्तर त्र्यंबकराव एका रविवारी सिनेमाला गेले आणि सोमवारी सकाळी माझ्या चित्रकलेच्या तासाला येऊन उभे राहिले. सिनेमाच्या आधी बातमीपट दाखवतात, त्यात त्यांनी परदेशातलं एक मैदान पाहिलं होतं. पायऱ्यांवर हजारो मुलं बसलेली. शिट्टी झाली की प्रत्येकानं हातातला रंगीत पुठ्ठा तोंडासमोर धरायचा. मग मूल दिसत नाही, पुठ्ठाही वेगळा दिसत नाही. समोरून दिसतो तो एकच भलामोठा पक्षी.

त्यांनी माझ्या हातातला खडू घेतला, फळ्यावर उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "एक मूल म्हणजे एक घर. एका पायरीवर चाळीस मुलं, अशा तीस पायऱ्या. बाराशे घरं झाली. जानेवारीत शाळेला पंचवीस वर्षं होतायत, तेव्हा आपण हे करायचं. आपली मुलं पुरणार नाहीत, शेजारच्या दोन शाळांना सांगतो. चित्र मात्र आपल्याच मुलानं काढलेलं हवं."

हे १९७३च्या डिसेंबरातलं. मला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली होती. चित्र मुलानं काढायचं हे ऐकून मला बरं वाटलं, कारण मुलाच्या कागदावर आपला हात चालवायचा नाही हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नेम. चुकलं तर विचारावं, दुरून दाखवावं, वाट पाहावी, पण पेन्सिल ज्याची त्याच्या हातात असू द्यावी. तो नेम मी त्या महिन्यात एकदा मोडला.

मुलांना आलेखाचे कागद वाटले आणि आठ दिवस दिले. सातवीतल्या पद्मजानं समई काढून आणली. पद्मजा वकिलांची मुलगी, जाड भिंगांचा चष्मा, हात अतिशय स्वच्छ. समईच्या दोन्ही बाजू इतक्या सारख्या, की कागद मधोमध दुमडला तर घरावर घर बसावं. बाकीच्यांची कमळं होती, गड होते, उगवते सूर्य होते. आणि तिच्याच वर्गातल्या विमलानं म्हैस काढली होती.

विमला केरबा गवळ्याची. पहाटे कोल्हापूरच्या गंगावेशीत बापाबरोबर म्हशी घेऊन उभी राहायची, गिऱ्हाइकांच्या भांड्यांत धारा काढून झाल्या की घरी जाऊन दप्तर घ्यायची, त्यामुळे पहिल्या तासाला कायम उशीर. तिची म्हैस दिवाळी पाडव्याच्या मिरवणुकीत सजवतात तशी सजलेली होती. अंग आडवं, तोंड आपल्याकडे वळवलेलं, शिंगं रंगवलेली, शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात तोडा. नऊ रंग वापरले होते. एकेक घर मोजून भरलेलं.

"रौप्यमहोत्सवाला म्हैस?" पद्मजा म्हणाली. "पाहुणे काय म्हणतील?"

"पावणं च्या पितील न्हवं?" विमला म्हणाली. "दूध कुठलं घालतीस, समईतलं?"

वर्ग हसला. पद्मजाही हसली, जरा उशिरा.

"कुणाची गं ही?" मी विचारलं.

"आमची चांदी हाय की, सर. कपाळावर पांढरा चांद हाय बघा. आणि डावं शिंग खाली आलंय. आबांनी साद घातली की आधी डावा कान हलवती, मगच पाऊल टाकती."

"शिंग दिसतंय. पण कान हललेला कसा दाखवणार?"

"ते मी बघतो."

आमच्याकडच्या मुली 'बघतो', 'जातो' असंच बोलतात. मी कधी ते सुधारायला गेलो नाही.

हेडमास्तरांनी दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ चष्म्यावरून पाहिलं. "समई शोभून दिसेल," ते म्हणाले. "पण समई बघायला गवळी गल्ली येणार नाही. म्हशीला सगळं गाव येईल." मग जाता जाता म्हणाले, "तरी समई जपून ठेवा. म्हशीचं काही सांगता येत नाही."

शिक्षकांच्या चहाचं दूध केरबाच घालायचा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो किटली ठेवायला आला तेव्हा विमलानं त्याला वर्गात आणलं. केरबा म्हणजे सहा फुटी माणूस, आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाच्या म्हशीनं मान वर करावी. त्यानं चित्र हातात धरलं, लांब केलं, जवळ आणलं.

"बरी हाय," तो म्हणाला.

"बरी न्हाय आबा, चांदी हाय," विमला म्हणाली. "गल्लीत सगळ्यांस्नी सांगितलंय मी. सगळी येनार हाईत."

"कागदावर कुनीबी चांदीच म्हंतंय. मैदानात लांबनं बघू दे की मला." त्यानं चित्र परत दिलं. "चांदी दिसली तर मी साद घालतो. नुसतीच म्हैस असली तर गप बसतो. उगं कुनाच्याबी म्हशीला साद घालायची माझ्या तोंडाला सवय न्हाय."

बाहेरच्या माणसाला हे बोलणं साधं वाटेल. पण आमच्याकडे पाडव्याला शेकडो सजवलेल्या म्हशींतून गवळी आपल्या म्हशीला एकच साद घालतो आणि ती गर्दी फोडून त्याच्याकडे पळत येते. प्रत्येकाची साद वेगळी. ती खोटी घालत नाहीत. विमलानं मान हलवली. त्या दिवसापासून तिला हेडमास्तरांची, पाहुण्यांची, कुणाचीच फिकीर राहिली नाही. तिला फक्त ती साद हवी होती.

कार्यक्रमाला अकरा दिवस उरले असताना बातमी आली की ते तीस पायऱ्यांचं मैदान मिळणार नाही. त्याच रविवारी तिथं कुस्त्या लागल्या होत्या. कोल्हापुरात कुस्त्यांपुढे रौप्यमहोत्सव काय आणि सुवर्णमहोत्सव काय. हेडमास्तर भांडायलासुद्धा गेले नाहीत, कारण त्यांनाही त्या कुस्त्या बघायच्या होत्या. त्यांनी आमचा कार्यक्रम सकाळी ठेवला आणि जागा ठरवली शाळेमागचं मैदान. तिथं पंधरा पायऱ्या होत्या आणि एका पायरीवर वीस मुलं मावत होती.

"बरंच झालं," ते म्हणाले. "उसनी मुलं नकोत. चाळिसाची वीस, तिसाची पंधरा. चित्र निम्मं करून टाका."

निम्मं करणं किती सोपं. विमला त्या दिवशी शाळेत आली नव्हती, घरी एक म्हैस व्यायली होती. वेळ थोडा होता. मी तिचं चित्र कपाटातून बाहेर काढलं, नवा कागद घेतला आणि स्वतःच कामाला लागलो. एक आडवी ओळ ठेवायची, एक गाळायची. एक उभी रांग ठेवायची, एक गाळायची. तासाभरात तीनशे घरं भरून झाली. मी कागदाकडे नीट पाहिलंसुद्धा नाही, इतका मी माझ्या हिशेबावर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी केरबा आणि विमला दोघंही टेबलाशी उभे होते तेव्हा मी तो कागद उलगडला.

केरबानं वाकून पाहिलं. "मास्तर," तो म्हणाला, "गाढव झकास काढलंय."

मग मी पाहिलं. विमलानं शिंगं एकेका घराच्या बारीक, बाकदार रेघेनं काढली होती. मी गाळलेल्या ओळींत त्यांची निम्मी घरं गेली होती. एक शिंग जवळजवळ नाहीसंच झालं होतं, दुसऱ्याचे दोन ठिपके हवेत तरंगत होते. कान मात्र जाड होते म्हणून शाबूत राहिले होते, आणि शिंगांवाचून ते फारच लांब दिसत होते. कपाळावरचा चांद गेला होता. माळेच्या कवड्या एकाआड एक पांढऱ्या होत्या, त्यांतल्या नेमक्या पांढऱ्या तेवढ्या गळल्या होत्या.

"हेच सांगत फिरत हुतीस व्हय गल्लीत?" केरबानं पोरीला विचारलं.

"तिनं नाही केलं," मी म्हणालो. "मी केलंय. तिला न विचारता."

"मग बरुबर हाय," केरबा समजुतीनं म्हणाला. "तुमच्या घरात म्हैस न्हाय."

विमला पुढे झाली. तिनं कागद घेतला, घडी केली आणि दप्तरात घातला. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. एवढ्यात हेडमास्तर आले, त्यांनी तो कागद पुन्हा बाहेर काढायला लावला, पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "पुढच्या शनिवारपर्यंत म्हैस म्हशीसारखी दिसली तर ठीक. नाहीतर समई." समई निम्मी करून पाहिली होती. ती जशीच्या तशी उतरली होती, दांडा जाड होता ना.

गंमत अशी, की मदतीला आली ती पद्मजाच. शेवटचा तास संपल्यावर ती विमलाच्या बाकावर येऊन बसली.

"ओळी गाळून नाही चालणार," ती म्हणाली. "आपण चार घरांचं एक घर करू. चौघांत ज्या रंगाची घरं जास्त, तो रंग. म्हणजे कुणावर अन्याय नको."

विमलाला ते पटलं. दोघींनी दुसऱ्या दिवशीची अख्खी मधली सुट्टी खपून चित्र केलं. मी लांबून पाहत होतो. यावेळी माझे हात मी पाठीमागे बांधले होते. चित्र झालं आणि दोघी त्यावर वाकल्या. बारीक शिंगाचं चौघांत एखादंच घर यायचं, फार तर दोन, तीही दोन वेगळ्या रंगांची, आणि बाकीची आभाळाची. प्रत्येक वेळी आभाळ जिंकलं होतं.

"शिंगं बहुमतानं पडली," पद्मजा म्हणाली.

"हे पोतं हाय," विमला म्हणाली. "कालचं गाढव तरी हुतं."

आणि दोघी इतक्या हसल्या, की शेजारच्या खोलीतून शिवणाच्या सरोजिनीबाई बघायला आल्या. त्यांच्या हातात दुसूतीचा तुकडा होता. दुसूती म्हणजे ज्या जाड कापडाच्या विणीत बारीक चौकटी दिसतात आणि त्यांवर फुलीचे टाके घालून चित्र भरतात ते. मी त्यांना गाढव दाखवलं, पोतं दाखवलं आणि माझा अपराध सांगितला.

"अहो, तुम्ही घरं मोजत बसलात," बाई म्हणाल्या. "चादरीवरचा मोर उशीच्या अभ्र्यावर घ्यायचा तर मी घरं गाळत नाही. तसं केलं तर कोंबडी होते. मी मोर नव्यानं काढते. आधी ठरवते, कशामुळे हा मोर आहे? तुरा आणि मान. त्यांना पोटभर घरं देते. उरलेल्या घरांत बाकीचं जेवढं मावेल तेवढं. नाही मावलं तर नाही."

एवढं बोलून त्या गेल्या. पंचवीस वर्षं मी शेजारच्या खोलीत चित्रकला शिकवत होतो.

मी विमलासमोर कोरा कागद ठेवला, वीस घरं आडवा, पंधरा उभा. माझी पेन्सिल तिच्या हातात दिली. "चूक माझी झाली," मी म्हणालो. "तुझ्या चित्राला तुला न विचारता हात लावायला नको होता. आता एकच विचारतो. गंगावेशीत पन्नास म्हशी उभ्या असल्या तर तू चांदीला कशी ओळखतेस?"

"तोंड बघून."

"आणि पायांवरून?"

"पाय सगळ्यांस्नी चारच असत्यात की, सर."

ती स्वतःच्याच बोलण्यावर थांबली. मग तिनं जुनं चित्र उलटं करून बाजूला सारलं. पाय गेले, पोट गेलं, शेपूट गेलं, तोडा गेला, इतक्या हौसेनं भरलेली कवड्यांची माळही गेली. उरलं फक्त तोंड, समोरून. आधी तिनं शिंगं घेतली, दोन घरं जाड. उजवं वर गेलेलं, डावं खाली झुकून कागदाच्या कडेला टेकलेलं. आडवी वीसच्या वीस घरं शिंगांनी खाल्ली. कपाळावर चांदाला चार घरं. दोन डोळे, दोन कान. रुंद नाकपुड्या. मोरपिसं ठेवू का, म्हणून तिनं पेन्सिल टेकवली आणि उचलली. "पाडवा झाला," ती म्हणाली.

पद्मजा शेजारून बघत होती. "हिचं तोंड तुझ्यासारखंच आहे," ती म्हणाली.

"दुधावर पोसलोय न्हवं," विमला म्हणाली.

आता रंग. कागदावर नऊ होते. पिराजी शिपाई बाजारात जाऊन आला तर पुठ्ठ्यांना लावायचा घोटीव कागद पाचच रंगांत मिळाला: काळा, पांढरा, लाल, पिवळा, हिरवा. विमलानं शिंगं लाल धरली आणि मागे हिरवं रान. जवळून फार छान दिसत होतं. मी चित्र भिंतीला टाचलं, दोघींना वर्गाच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं आणि डोळे बारीक करायला सांगितलं. डोळे मिटत आले की रंगाचं नाव पुसलं जातं आणि गडद-फिकं तेवढं उरतं.

"शिंगं रानात शिरली," विमला म्हणाली. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद होते. तिनं रान काढून पिवळं ऊन केलं. लगेच शिंगं बाहेर आली.

पण चांदी काळी नव्हती, राखी होती, आणि राखी कागद अख्ख्या कोल्हापुरात नव्हता. काळी केली तर डोळे बुडत होते, पांढरी केली तर चांद. पद्मजानं काळं-पांढरं एकाआड एक करून पाहिलं. मोठ्या चित्रात ते चाललं असतं, इथं तो बुद्धिबळाचा पट दिसायला लागला. शुक्रवार उजाडला तरी राखी रंग सापडला नव्हता.

तो सापडला पद्मजाच्या चष्म्यामुळे, म्हणजे चष्मा नसल्यामुळे. भिंगं पुसायला तिनं चष्मा काढला आणि समोर पाहून विचारलं, "तो राखी कागद कुणी आणला?"

"कुठला?"

"तो काय, खिडकीत."

खिडकीत पिराजी बसला होता आणि वर्तमानपत्र वाचत होता.

विमला धावत गेली आणि तिनं पिराजीच्या हातातून पेपर ओढून घेतला. "अगं, माझं वाचून व्हायचंय," पिराजी म्हणाला. कोण ऐकतं. आम्ही पान पुठ्ठ्याला लावून मैदानाच्या त्या टोकाला धरलं आणि या टोकाहून पाहिलं. अक्षरं विरघळून गेली होती. कागद सुरेख राखी दिसत होता, अगदी म्हशीच्या कातड्यासारखा. काळी शाई आणि पांढरा कागद, फक्त घरं इतकी बारीक की डोळ्याला मोजता येत नाहीत.

मग मुलांनी घराघरांतून रद्दी आणली. तेव्हा कळलं की सगळा पेपर सारखा राखी नसतो. मोठ्या मथळ्यांचे काळे पट्टे दिसत, सिनेमाच्या जाहिराती तर चिखल उडाल्यासारख्या. सगळ्यांत चांगली बारीक अक्षरांची पानं. त्यामुळे चांदीच्या गालांवर लग्नाच्या जाहिराती आल्या आणि नाकाजवळ गुळाचे बाजारभाव.

शनिवारी सकाळी तालीम झाली. पिराजीनं पायऱ्यांवर खडूनं आकडे घातले होते, मुलं आपापल्या आकड्यावर बसली, शिट्टी झाली आणि समोर म्हैस उभी राहिली. हेडमास्तरांनी टाळी वाजवली. माझ्याही तोंडून वाहवा गेली. विमला मात्र आपली जागा सोडून आमच्याकडे पळत आली, वळून पाहिलं आणि म्हणाली, "शिंग चुकलं. उजवं खाली आलंय."

पिराजीनं पायऱ्यांकडे पाठ करून, कागद हातात धरून आकडे मोजले होते. सगळं चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं होतं.

"कुठलं का असेना, एक वर एक खाली आहे ना," हेडमास्तर म्हणाले. "खरं तर दोन्ही सारखी केलीत तर अजून शोभेल. समईसारखी."

"मग ती आमची न्हाय ऱ्हानार," विमला म्हणाली. आवाज चढवला नाही, पण मागेही हटली नाही. हेडमास्तर माझ्याकडे पाहू लागले.

"शोभेल हे खरं," मी म्हणालो, "पण चित्र तिचं आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं आणि हात झटकले. विमलानं पायऱ्यांपुढे उभं राहून तीनशे मुलांना समजावलं. "आकडे सोडा. आपण बसलोय ती चांदीच बसलीया. जिकडं आपला डावा हात, तिकडं तिचं डावं शिंग." पाच मिनिटांत सगळी मुलं जागा बदलून बसली. इतकं सोपं मला सांगता आलं नसतं.

घरी जायच्या आधी ती एका कोपऱ्यात सात मुलांना घेऊन पुठ्ठ्यांच्या मागच्या बाजूला खळ लावताना दिसली. मी काय म्हणून विचारलं.

"कान हाय," ती म्हणाली. "वरच्या चार घरांस्नी मागनं पिवळा लावतोय, खालच्या चार घरांस्नी मागनं पेपर. पुठ्ठं फिरवलं की कान खाली येतोय. परत फिरवलं की वर. मी कानातच बसनार हाय."

"कधी फिरवणार?"

"आबांनी साद घातली तर." तिनं खळीचं बोट फ्रॉकला पुसलं. "न्हाई घातली तर न्हाई. हेडमास्तरांस्नी सांगू नगासा."

मी सांगितलं नाही.

रविवारी सकाळी नऊला मैदान भरलं. पुढे खुर्च्यांवर पाहुणे, मागे पालक. सगळ्यांत मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून, गवळी गल्ली उभी होती. धारा काढून तसेच आले होते, फेटे मात्र नवे होते. केरबा मधोमध, हाताची घडी घालून. मी मुद्दाम त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलो. भाषणं झाली. समईपण झाली, म्हणजे खरीखुरी, पाहुण्यांच्या हस्ते लावून, आणि तिच्यात तेल घालायचा मान पद्मजाला मिळाला.

मग शिट्टी वाजली.

तीनशे पुठ्ठे एका दमात वर आले. पिवळ्या उन्हात राखी तोंड, लाल शिंगं, कपाळावर पांढरा चांद. पुढच्या खुर्च्यांतून टाळ्या सुरू झाल्या. पालकांनी वाजवल्या. भिंतीजवळ कुणी हात हलवला नाही. गवळ्यांना म्हैस नवी नव्हती. ते डोळे बारीक करून बघत होते, न शिकवता.

"कुनाची म्हनायची?" एकानं विचारलं.

"गप," केरबा म्हणाला.

त्यानं हाताची घडी सोडली. मान डावीकडे कलली, मग उजवीकडे. चांदाकडे पाहिलं असावं, कारण ओठ हलले. पायऱ्यांवर आता पुठ्ठे किंचित थरथरायला लागले होते. मुलांचे हात भरून आले होते, आणि हेडमास्तरांनी शिट्टी ओठांत धरली होती. ती वाजली की पुठ्ठे खाली येणार होते.

"डावं शिंग," केरबा हळूच म्हणाला.

आणि त्यानं दोन्ही हात तोंडाशी नेले आणि साद घातली. ती कागदावर लिहिता येत नाही. खालून सुरू होते, वर जाऊन मोडते आणि शेवटी लांब ओढली जाते. पाहुणे खुर्चीत दचकले. हेडमास्तरांची शिट्टी तोंडातून पडली.

चांदीचा डावा कान हलला. खाली आला, वर गेला, परत खाली आला.

भिंतीजवळ जो गलका उठला तसा मी कुस्तीच्या मैदानातही ऐकला नाही. फेटे उडाले. एक म्हातारा गवळी पुढे झाला आणि त्यानं आपल्या म्हशीची साद घातली. कान जागचा हलला नाही. दुसऱ्यानं घातली, तिसऱ्यानं घातली. पिवळ्या उन्हात चांदी शांत उभी. मग केरबानं छाती भरून पुन्हा एकदा घातली, आणि कान लगेच हलला. पाहुणेसुद्धा उठून उभे राहिले आणि हसायला लागले. हेडमास्तर खुर्चीखाली शिट्टी शोधत होते आणि शोधता शोधता टाळ्या वाजवत होते.

पुठ्ठे खाली आले तेव्हा मुलांच्या गर्दीतून विमला धावत आली. हाताला खळ, नाकाला छापील शाई. पुठ्ठ्यामागे बसल्यामुळे तिला आज चित्र दिसलं नव्हतं, फक्त ऐकू आलं होतं.

"आबा, वळखलासा व्हय?" तिनं विचारलं.

"मी कुठं?" केरबा म्हणाला. त्यानं नव्या फेट्याचा शेव घेऊन तिचं नाक पुसलं. "तिनंच मला वळखलं की."